पाण्यात नसलेला पारा माशात कुठून येतो?

शेजारच्या सुनेला सहावा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला बजावले, मोरी (शार्क) खायची नाही, तिच्यात पारा असतो. गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या घरात ऐन डोहाळ्यांच्या दिवसांत मोरीचे आंबट-तीख बंद होणे म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच कळते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला बाजारात गाठले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, एवढ्याच भांडवलावर. "मास्तर, मोरी सोडली. ती समुद्रातली. पण चोणक (जिताडा) चालतो मगो? तो तर आपल्या नदीचा. आणि पेपरात आलेले ना, नदीच्या पाण्यात पारा नाही म्हणून?"

मी म्हटले, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी जे सांगितले ते पाच मिनिटांत आटपले नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात पेपरातल्या बातमीपासून करू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने पाऱ्याची मर्यादा ठरवली आहे ती एका लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १००० नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. त्याहून कमी पारा निघाला की अहवालात "मर्यादेच्या आत" लिहून येते, आणि ते खोटे नसते. ते पाणी पिऊन पाऱ्याने कुणाला काही होणार नाही. पण मासा पाणी पिऊन आपल्या ताटात येत नाही, तो त्या पाण्यात काही वर्षे जगून येतो.

हिशेब मांडून पाहू. समजा एका नदीच्या पाण्यात लिटरला १० नॅनोग्रॅम पारा आहे, मर्यादेच्या शंभरावा भाग. त्यातला बहुतेक पारा साध्या रूपात असतो, शरीरात फारसा न टिकणारा. त्यातला फक्त ५ टक्के पारा 'मिथिल पारा' या रूपात, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट जोडलेल्या आणि शरीरात साठणाऱ्या रूपात, आहे असे धरा. म्हणजे लिटरला अर्धा नॅनोग्रॅम. ही एवढीशी गोष्ट शिकारी माशाच्या मांसापर्यंत पोहोचताना दहा लाख पटींच्या घरात वाढू शकते. अर्ध्या नॅनोग्रॅमचे दहा लाख पट केले की किलोला अर्धा मिलिग्रॅम होतो, आणि माशांतल्या पाऱ्याची मर्यादा बऱ्याच देशांनी याच आकड्याच्या आसपास ठेवली आहे. पाणी शंभर पट सुरक्षित, आणि त्यातला मासा मर्यादेच्या उंबऱ्यावर. दोन्ही अहवाल खरे.

दहा लाख पट कसे होतात? सगळ्यात मोठी उडी अगदी तळाशीच असते. पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे शेवाळ मिथिल पारा शोषून घेते, आणि पाण्यापासून शेवाळापर्यंतच तो हजारो पटींनी दाट होतो. शेवाळ बारीक किडे खातात, किड्यांना सुंगटे (कोळंबी) आणि लहान मासे खातात, आणि त्यांना चोणक खातो. प्रत्येक पायरीवर अन्न पचून बाहेर जाते, पारा मात्र मांसातल्या प्रथिनांना धरून आतच राहतो. तो चरबीत नसतो, म्हणून कातडी काढा, चरबी काढा, तळा, हुमण करा, काही फरक पडत नाही. शेवटो (बोई मासा) चिखलावरचे शेवाळ आणि कुजके खातो, म्हणून शिडीच्या खालच्या पायरीवर. चोणक शिकारी, आणि वर्षानुवर्षे वाढणारा. एकाच पुलाखाली पकडलेल्या या दोन माशांतला पारा सारखा नसतो, आणि लहान चोणक व आठ किलोचा चोणक यांच्यातलाही नाही. याच न्यायाने कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या सुसरी गोव्यातला पारा सर्वाधिक साठवणाऱ्या प्राण्यांत असायला हव्यात. पौषात आमच्याकडे काही गावांत बांधावर चिखलाची सुसर करून तिची पूजा करतात, ती बांध राखते म्हणून. नदीच्या पाऱ्याची जमाखर्चाची वही तीच राखते, असेही म्हणायला हरकत नाही.

तर साधा पारा मिथिल पारा कुठे होतो, हा खरा प्रश्न. इथे जमीन आणि स्थानिक परिस्थिती यांचा संबंध येतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गोव्यात पाऱ्याचे नाव काढले की बोट थेट खाणींकडे जाते. लोखंडाच्या खाणीत पारा वापरत नाहीत. पारा वापरतात तो सोन्याच्या छोट्या, हातांनी चालणाऱ्या खाणींत: सोन्याचे कण पाऱ्यात धरायचे आणि मग पारा जाळून उडवायचा. ॲमेझॉन, आफ्रिका, इंडोनेशियात हे चालते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे माणसाच्या उद्योगांतून २०१५ साली सुमारे २२२० टन पारा हवेत गेला. त्यातला तिसऱ्या भागाहून अधिक या सोन्यापायी आणि पाचव्या भागाच्या आसपास कोळसा जाळल्याने. हवेत गेलेला पारा काही महिने वाऱ्याबरोबर फिरतो. तो डिचोलीवर पडतो, तसाच डेन्मार्कवरही पडतो. या अर्थाने कोणतीच नदी सुटलेली नाही.

कारखान्यातून थेट पाण्यात पारा सोडल्याची उदाहरणे वेगळी आणि भयंकर आहेत. जपानमधल्या मिनामाता गावात माशांतल्या पाऱ्याने मेंदू आणि मज्जातंतूंना झालेला आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदवला गेला. कमी बोलली जाणारी गोष्ट त्याच्या नंतरची: १९६५ साली तोच आजार निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दिसला. तिथला कारखाना नदीच्या मुखापासून सुमारे ६० किलोमीटर वर होता आणि रुग्ण मुख्यतः खालच्या गावांतले, नदीचे मासे खाणारे. आपल्या मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाते, हे लक्षात घेतले तर साठ किलोमीटर फार दूर वाटत नाहीत. आपल्या शेजारीही हे घडले आहे. कारवारजवळ बिणग्याच्या किनाऱ्यावर कॉस्टिक सोड्याचा कारखाना पारा वापरून चालायचा आणि तिथल्या समुद्रात पारा सापडल्याचे शोधनिबंध आहेत. पाऱ्याविषयी मिनामाता नावाचाच आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही तो मान्य केला. कारखान्याचे नळ बंद करता येतात. हवेतून पडलेल्या पाऱ्याला नळ नसतो.

आता म्हादईच्या, म्हणजे वरच्या मांडवीच्या, खोऱ्यात या. सत्तरी तालुक्याच्या जंगलावर पारा पावसातून पडतो, पण त्याहून मोठी वाट पानांची आहे. झाडांची पाने हवेतला पारा वायुरूपात शोषून घेतात आणि पान गळले की तो जमिनीवर उतरतो. पालापाचोळा कुजतो, माती त्याला धरून ठेवते. घनदाट जंगल हे त्या अर्थी पाऱ्याची तिजोरीच. त्यातून थोडा पारा झऱ्यांत येतो, चहाच्या रंगाच्या त्या कुजक्या रसाला चिकटून, पण फार नाही.

तिजोरी फुटते ती जमीन उघडी पडल्यावर. इथे ब्राझीलच्या तापाजोस नदीचा अनुभव आपल्या कामाचा आहे. १९९० च्या दशकात तिथल्या माशांत पारा सापडला तेव्हा सगळ्यांनी सोन्याच्या खाणींना दोष दिला. संशोधकांनी मातीचा अभ्यास केला, तेव्हा खाणींपासून शेकडो किलोमीटर दूरही पारा सापडला. तिथली लाल, लोहयुक्त, हजारो वर्षे जुनी माती मुळातच भरपूर पारा धरून होती. जंगल तोडून, जाळून शेती केली, माती वाहून गेली आणि तिच्याबरोबर पारा नदीत गेला. दोष सोन्याचाही होता, पण मोठा वाटा उघड्या जमिनीचा.

लाल, लोहयुक्त, जुनी माती. गोव्याच्या माणसाला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. आपली घरेच तिच्या चिऱ्यांनी बांधलेली आहेत. जांभ्यातले लोखंडाचे गंज पाऱ्याला घट्ट धरतात. डोंगर होता तसा झाडांखाली राहिला तर ते धरणे आपल्या भल्याचे. पण एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला सारावी लागते आणि डिचोली, सांगे, केप्याच्या डोंगरांवर त्या मातीचे डंप उभे राहिले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डंप मात्र कोर्टाचे आदेश वाचत नाहीत. जूनमध्ये ते वाहतातच. म्हणजे खाणीचा पाऱ्याशी संबंध नाही असे नाही, तो वाकड्या वाटेने आहे: ती पारा आणत नाही, पारा धरणारी माती सोडते. नवे प्लॉट पाडायला सपाट केलेला डोंगर हेच करतो, फक्त त्याची बातमी होत नाही. काजूखाली वणवा लागून गेलेला उतारही तेच करतो. शहराचे काँक्रीट तर आणखी पुढचे: रस्त्यावर पडलेला पारा मुरतच नाही, पहिल्या सरीबरोबर गटारातून नदीत.

गोव्याचा पाऊस हा या गोष्टीतला दुसरा मोठा गडी. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, सत्तरीत त्याहून जास्त, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक चार महिन्यांत. म्हणून आमच्या वाळवंटी नदीला दोन स्वभाव आहेत. जुलैत ती तांबडी, धावती, गाळाने भरलेली. तेव्हा पारा भरपूर वाहतो, पण मातीला चिकटलेला, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर. पारा तेव्हा प्रवासी असतो, फारसा बदलत नाही. वर्षभराच्या पाऱ्यातला मोठा भाग या काही आठवड्यांत खाली उतरतो, ज्या आठवड्यांत तपासणीचे नमुने घ्यायला कुणाची होडी पाण्यात नसते.

मग पाऊस जातो. नदी मंदावते, समुद्र आत शिरतो. गोडे पाणी आणि खारे पाणी भेटले की बारीक चिकणमातीचे कण एकमेकांना बिलगून जड होतात आणि तळाशी बसतात. पारा त्यांच्यासोबत बसतो. मार्च ते मे मांडवी-जुवारीचे पाणी पुढे जातच नाही असे म्हटले तरी चालेल. दिवसातून दोनदा भरती-ओहोटीबरोबर ते हेलकावे खाते, आणि तळाचा गाळ तिथेच राहतो.

त्या गाळात काही मिलिमीटर खाली प्राणवायू संपतो. तिथे राहणारे जीवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी दुसरे काहीतरी वापरतात: कुणी गंजातले लोखंड, कुणी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सल्फेट पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते, नदीच्या गोड्या पाण्यात त्याच्या शेकडो पटींनी कमी. ओहोटीला खाजनाच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेताच्या) कडेला जो कुजक्या अंड्याचा वास येतो, तो या सल्फेट श्वासणाऱ्यांचा उच्छ्वास. यांतल्याच काही जीवाणूंकडे दोन खास जनुके आहेत, २०१३ मध्ये ओळखली गेलेली, ज्यांच्या जोरावर ते साध्या पाऱ्याला मिथिलचा गट जोडतात. त्यांना त्यातून काय मिळते हे कोडेच आहे. आपल्याला काय मिळते ते मिनामातात दिसले.

सल्फेट जास्त म्हणजे मिथिल पारा जास्त, असे सरळ गणित मात्र नाही. सल्फेट फार झाले की त्या जीवाणूंनी सोडलेला गंधकाचा वायूच पाऱ्याला पकडून खडा बनवतो. तो खडा म्हणजे हिंगूळ किंवा त्याचाच काळा भाऊ, आणि जीवाणूंना तो सहज खाता येत नाही. म्हणून सर्वांत जोखमीची जागा बहुधा समुद्राजवळची अगदी खारट नसते आणि वरची अगदी गोडीही नसते. ती मधली असते, मचूळ पाण्याची, कुजके खाद्य भरपूर असलेली, आळीपाळीने भिजणारी आणि सुकणारी. सुकताना हवा लागून गंधकाचे पुन्हा सल्फेट होते, धरलेला पारा सुटतो, आणि पुन्हा भिजले की जीवाणूंना ताजे ताट वाढलेले.

आता गोव्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा आणि ही जागा शोधा. खाजने. सुमारे अठरा हजार हेक्टर, शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी बांध घालून आणि मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणारी) दारे लावून खाडीकडून मिळवलेली जमीन. इथे मला खाजनाची बाजू घ्यायची आहे. बांध नीट असला, मानस वेळेवर उघडली-मिटली, तर पाणी किती दिवस थांबेल हे गावाच्या हातात असते. पावसात गोड्या पाण्यात कोरगुट भात पिकतो, नंतर जमीन सुकते, मासा मानशीत पकडला जातो, शेत रिकामे होते. जगभरच्या भातशेतीत मिथिल पारा बनतो, कारण भाताला तुंबलेले पाणी लागते. चीनच्या ग्वेइजो प्रांतात पाऱ्याच्या जुन्या खाणींजवळ तर माणसांच्या शरीरात तो माशापेक्षा भातातून जास्त गेला. तरी राखलेले खाजन आणि फुटलेले खाजन यांत फरक आहे. बांध फुटला, कुणी दुरुस्त केला नाही, वर्षभर खारे-गोडे पाणी आत-बाहेर करू लागले, उभे गवत त्यात कुजले, की रसायनशास्त्राच्या पुस्तकातली मिथिल पाऱ्याची पाककृती तिथे जशीच्या तशी मांडली जाते. अशी पडीक खाजने किती झाली ते दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीतून नुसते बाहेर बघितले तरी कळते. त्यांत खारफुटी उगवली म्हणून आपण खूश होतो, आणि खारफुटी चांगलीच. पण खारफुटीचा गाळही प्राणवायूविना असतो, तेव्हा ती पारा थोपवतेही आणि थोडा बदलतेही. किती थोपवते आणि किती बदलते, हे प्रत्येक ठिकाणी मोजल्याशिवाय कळणार नाही.

धरणांचीही हीच गोष्ट, थोडी वेगळी. नवे धरण भरते तेव्हा जंगलाची माती आणि पाला पाण्याखाली जातो आणि कुजतो. कॅनडात मोठी धरणे झाल्यावर तिथल्या माशांतला पारा काही वर्षांत कित्येक पट वाढला आणि खाली यायला दोन-तीन दशके लागली. साळावली, अंजुणे जुनी झाली, त्यांचा तो काळ बहुधा सरला असावा. पण यापुढे कुठे धरण बांधायचे ठरले तर बुडणारी झाडे आधी तोडून नेणार का, हा प्रश्न विचारायला हवा.

मैलापाणी हा तिसरा प्रकार. साळ नदीचे दुखणे मडगावच्या माणसाला सांगायला नको. मैल्यात पारा फार नसेलही, पण मैला म्हणजे जीवाणूंचे जेवण, आणि पाण्यातला प्राणवायू संपवण्याचे काम. गंमत अशी की मैल्यामुळे शेवाळ बेसुमार वाढले तर तेवढाच पारा जास्त शेवाळात वाटला जातो आणि काही काळ माशात तो कमी दिसू शकतो. म्हणजे माशात पारा कमी निघाला म्हणून नदी निरोगी, असेही नाही. विज्ञान असे छळते कधीकधी.

मग तपासायचे काय? पाण्याची बाटली भरून पाठवली तर आपल्याला फक्त इतकेच कळते की पाणी पिण्याजोगे आहे, तेही इतर सगळे ठीक असेल तर. पाऱ्याची हकिगत कळायला गाळ लागतो, आणि तोही मधल्या पट्ट्यातला, उन्हाळ्यात ओहोटीला काढलेला, आणि वेगळा एक पावसानंतरचा. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशाच्या खाड्यांमधल्या गाळात पारा कुठल्या रूपात बसला आहे, यावर काम केले आहे. गाळात एकूण पारा किती आणि त्यातला सुटण्याजोगा किती, हे दोन वेगळे आकडे असतात, आणि दुसराच कामाचा. त्याच्या जोडीला एकाच जातीच्या, एकाच लांबीच्या माशाचे मांस. वेगवेगळ्या आकारांचे मासे एकत्र तपासून काढलेल्या सरासरीला अर्थ नाही. लहान शेवट्यांची टोपली तपासून "गोव्याचे मासे सुरक्षित" असा मथळा देता येतो, आणि एका म्हाताऱ्या चोणकावरून "गोव्याच्या नद्यांत विष" असाही.

घरातल्या पाऱ्याबद्दलही कोणी विचारील, म्हणून सांगतो. जुन्या तापमापकात ग्रॅमभराच्या आत-बाहेर पारा असतो, सीएफएल दिव्यात काही मिलिग्रॅम. फुटला तर झाडूने लोटू नका, त्याने तो उडतो. ओल्या कागदाने किंवा चिकटपट्टीने टिपा, खिडक्या उघडा, डबाबंद करा. गावच्या कचऱ्यात टाकून जाळला तर तोही शेवटी कुठल्यातरी पानावर बसतो.

हे सगळे मी संध्याकाळी ओसरीवर बसून सांगितले, एवढे नीट नाही, आणि मध्ये दोनदा वीज गेली. गर्भाच्या मेंदूला मिथिल पारा बाधतो, तो नाळेतून पलीकडे जातो आणि आईच्या शरीरात अर्धा उतरायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणून हे काही महिने जपायचे. मोरी नको, मोठा इसवण (सुरमई) नको, मोठा चोणक नको. मासा मात्र सोडू नको. बाळाच्या मेंदूला माशातली चरबी हवी असते. शेवटो खा, बांगडो खा, तारले खा, लहान मासे खा.

सून गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, तारल्यांचे काटे कोण काढणार?"

सासूबाई म्हणाल्या, "मी काढून देईन."